कृत्याचे मोल आणि कर्त्याची बुद्धी : उपयुक्ततावाद व त्याचा मराठी प्रतिवाद

१

एखादे कृत्य योग्य की अयोग्य हे कशावरून ठरवावे, या प्रश्नाला जेरेमी बेंथॅमने (१७४८–१८३२) दिलेले उत्तर दिसायला अगदी सरळ होते. त्या कृत्याचा ज्यांच्या ज्यांच्या आयुष्यावर परिणाम होतो त्या सर्वांचे सुख आणि दुःख मोजावे; उपलब्ध पर्यायांपैकी ज्यात सुखाची शिल्लक सर्वाधिक तो पर्याय योग्य, बाकीचे अयोग्य. शास्त्राज्ञा, रूढी, राजाची इच्छा किंवा अंतःकरणाचा कौल यांपैकी कशालाही या हिशेबात स्वतंत्र स्थान नाही. १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ फ्रॅग्मेंट ऑन गव्हर्नमेंट’ या पुस्तकात त्याने अधिकांचे अधिक सुख हा योग्यायोग्यतेचा मापदंड म्हणून पुढे ठेवला. हे सूत्र त्याचे स्वतःचे नव्हते. स्कॉटिश विचारवंत फ्रान्सिस हचेसन याच्या लेखनात ते १७२५ मध्येच आले होते. बेंथॅमचे वैशिष्ट्य असे, की १७८९ च्या ग्रंथात त्याने या सूत्राला मोजमापाची रीत जोडून दिली. सुखाची तीव्रता, त्याचा काळ, त्याची खात्री, त्याचे सान्निध्य, त्यातून पुढे आणखी सुख निपजण्याची शक्यता, त्यात दुःखाची भेसळ नसणे आणि ते किती जणांपर्यंत पोचते ही व्याप्ती, अशी सात अंगे त्याने सांगितली.

जॉन स्टुअर्ट मिलने (१८०६–१८७३) हा वारसा स्वीकारला, तसा तो बदललाही. १८६१ मध्ये ‘फ्रेझर्स मॅगझिन’मधून लेखरूपाने आणि १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘युटिलिटेरियनिझम’मध्ये त्याने सुखांत प्रमाणाबरोबरच प्रतीचाही भेद असतो, असे मांडले. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने त्याचे दुसरे एक विधान अधिक महत्त्वाचे आहे. बुडणाऱ्या माणसाला वाचवणारा कर्तव्यबुद्धीने पाण्यात उडी घेतो की बक्षिसाच्या आशेने, याने त्या कृत्याची योग्यता बदलत नाही, असे मिल म्हणतो. हेतूवरून माणसाची पारख होते. कृत्याची पारख मात्र परिणामांवरून करावी लागते.

यावर ल्यूएलिन डेव्हिस या धर्मोपदेशकाने शंका काढली. एखाद्या जुलमी राजाने बुडणाऱ्या शत्रूला वाचवले, पण ते पुढे त्याचे हालहाल करता यावेत म्हणून, तर ती सुटकाही योग्यच म्हणायची काय? १८६४ च्या आवृत्तीतील एका टीपेत मिलने याचे उत्तर दिले. तेथे वाचवणे हे छळाच्या मोठ्या कृत्यातील पहिले पाऊल आहे. म्हणजे करणाऱ्याने जे करायचे ठरवले आहे तेच निराळे असल्याने कृत्यही निराळे ठरते. या उत्तरात मिलने संकल्प आणि प्रेरणा यांच्यात रेघ ओढली. काय करायचे ठरवले तो संकल्प. कोणत्या भावनेने ठरवले ती प्रेरणा. पहिल्याने कृत्याची योग्यता बदलते, दुसरीने बदलत नाही. पुढे मराठीत या मतावर जो वाद झाला, त्याचे मर्म याच रेघेपाशी आहे.

२

हे मत मराठी मुलखात प्रथम पुस्तकातून आले नाही. ते जमीनमहसुलाच्या आकारणीतून आले. ‘हिस्टरी ऑफ ब्रिटिश इंडिया’ (१८१७) लिहिणारा जेम्स मिल १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत दाखल झाला. त्याचा मुलगा जॉन १८२३ पासून १८५८ पर्यंत, म्हणजे कंपनीचा कारभार संपेपर्यंत, तेथेच नोकरीस होता. रिकार्डोचा खंडसिद्धांत हा बेंथॅमच्या अनुयायांच्या अर्थशास्त्राचा कणा होता. जमिनीचा खंड हे मालकाच्या श्रमाचे फळ नसल्याने तो सरकारने घेतला तरी उत्पादनाला धक्का लागत नाही, असे या सिद्धांतावरून जेम्स मिलचे अनुमान होते. हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसकडे अर्थशास्त्र शिकून आलेल्या आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यात जी पाहणी केली ती याच तत्त्वावर. जमिनीची प्रतवारी लावायची, लागवडीचा खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या ५५ टक्के सरकारचा आकार ठरवायचा, अशी ती पद्धत होती.

कागदावर हा हिशेब निर्दोष होता. प्रत्यक्षात निव्वळ उत्पन्नाचे आकडे विश्वासार्ह निघाले नाहीत, हाताखालच्या लोकांनी प्रतवारीत गैरप्रकार केले आणि त्यातच धान्याचे भाव उतरले. शेतकऱ्यांना आकार झेपेना. जमिनी पडीक पडू लागल्या. अखेरीस १८३० नंतरच्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. तीत सिद्धांतापेक्षा मागील वसुलाचा अनुभव प्रमाण मानला गेला आणि आकारणी तीस वर्षांसाठी कायम करण्यात आली.

उपयुक्ततावादाच्या दृष्टीने या प्रसंगाचा अर्थ दुहेरी आहे. परिणामांवरून कृत्य जोखायचे म्हटले तर प्रिंगलची आकारणी त्या वादाच्याच कसोटीवर नापास होते. आणि ती बदलली गेली तीही परिणाम पाहूनच. म्हणजे कसोटीने आपले काम केले, असे तिचे समर्थक म्हणू शकतात. परंतु हिशेब लिहिणारा एक, त्याची झळ सोसणारा दुसरा, आणि सोसणाऱ्याला हिशेबाची वही पाहण्याचाही अधिकार नाही, ही परिस्थिती त्या कसोटीत कोठेच नोंदली जात नाही. सुखाची बेरीज कोणी करायची, हा प्रश्न वसाहतीत जितका उघडा पडला तितका इंग्लंडात पडला नाही.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यापीठांतून शिकलेल्या पिढीने मिल वाचला तेव्हा या मताला भारतीय भाषांत नावे मिळू लागली. नाव देणे हाच पुष्कळदा अभिप्राय होता. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी ‘कमलाकांतेर दप्तर’ (१८७५) या पुस्तकात ‘उदर-दर्शन’ हा शब्द योजला आणि सूत्र-भाष्याच्या शास्त्रीय थाटात या मताचे विडंबन केले. दर्शनांच्या परंपरेत एक दर्शन पोटाचे, असा हा टोला होता. त्यापूर्वी इंग्लंडात कार्लाइलने याच मताला डुकरांचे तत्त्वज्ञान म्हणून हिणवले होते, आणि सुखांच्या प्रतीचा मिलने केलेला भेद हे अशाच आक्षेपाला दिलेले उत्तर होते. डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) या कादंबरीतील आकड्यांवर पोसलेली शाळा याच वातावरणातील. मात्र दोन्हीकडील उपहासात एक फरक आहे. कार्लाइलचा रोख माणसाला पशूच्या पातळीवर आणण्यावर आहे. बंकिमचंद्रांचा रोख नव्या विद्येपुढे मान तुकवणाऱ्या स्वतःच्या वर्गावरही आहे. त्याच बंकिमचंद्रांनी मिलच्या प्रभावाखाली ‘साम्य’ लिहिले आणि पुढे ते मागे घेतले, हे लक्षात घेतले म्हणजे ‘उदर-दर्शन’ हा निव्वळ विरोधकाचा विनोद राहत नाही.

मराठीत ‘उपयुक्ततावाद’ हा शब्द रुळला. त्याच्या जोडीने टिळकांनी ‘आधिभौतिक सुखवाद’ ही संज्ञा योजली आणि बेंथॅमच्या सूत्रासाठी ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ हा शब्दप्रयोग केला. ‘आधिभौतिक’ या विशेषणातच निवाडा आहे. आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक अशी उतरंड मान्य केली, की पहिली पायरी अखेरची असू शकत नाही. पुढे ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ या बौद्ध परंपरेतील वचनाशी बेंथॅमच्या सूत्राची सांगड घालण्याची प्रथाही पडली. हे साम्य वरवरचे आहे. ते वचन भिक्षूंनी कशासाठी फिरावे हे सांगते, म्हणजे आचरणाचा उद्देश सांगते. दोन कृत्यांपैकी योग्य कोणते हे ठरवण्यासाठी सुखदुःखांची वजाबाकी करावी, असे त्यात कोठेही नाही.

४

गोपाळ गणेश आगरकरांनी (१८५६–१८९५) या मताकडे पाहिले ते वेगळ्या गरजेतून. मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे आवडते ग्रंथकार होते. १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केल्यावर केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे या रूढींची जी चिकित्सा त्यांनी केली तिचा गाभा असा, की एखादा आचार जुना आहे किंवा शास्त्राला संमत आहे एवढ्याने तो योग्य ठरत नाही. त्यापासून माणसांचे सुख वाढते की दुःख, हे पाहिले पाहिजे. सुधारकांपैकी कित्येक जण शास्त्रवचनांतून सुधारणेला आधार शोधत असताना आगरकरांनी वचनांची ही वाट मुख्य मानली नाही. यात धोरणाचा प्रश्न होताच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुराव्याचा होता. शास्त्र प्रमाण मानले, तर विधवेच्या दुःखाचा विचार करायचा की नाही, हे शास्त्रार्थावर अवलंबून राहते. परिणाम प्रमाण मानला, तर तिचे दुःख हाच पहिला पुरावा होतो. तो दाखल करून घेण्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नाही.

संमतिवयाच्या वादात हा फरक उघड झाला. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी या बालवधूचा पतीच्या समागमामुळे मृत्यू झाला. तिचे वय दहाच्या पुढे असल्याने तत्कालीन कायद्यान्वये तो बलात्कार ठरू शकला नाही. १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. आगरकरांनी कायद्याला पाठिंबा दिला. टिळकांनी विरोध केला. टिळकांचा विरोध सुधारणेच्या प्रत्येक अंगाला नव्हता. सुधारणा इच्छिणाऱ्यांनी प्रथम स्वतःला बांधून घ्यावे, मुलीचे लग्न सोळा वर्षांपूर्वी करू नये, अशा आशयाची सूचना त्यांनी १८९० मध्ये केली होती. परक्या सरकारच्या कायद्याने सुधारणा लादणे त्यांना मान्य नव्हते. सुधारणेचे मोल ती स्वीकारणाऱ्याच्या इच्छेत आहे, अशी ही भूमिका. आणि पंधरा-वीस वर्षांनी नीतिशास्त्रावर लिहिताना टिळकांनी जी कसोटी मांडली, तिच्याशी हिचे नाते सहज दिसते. आगरकरांच्या बाजूने पाहता प्रश्न असा उरतो, की समाजाची इच्छा तयार होईपर्यंत ज्या मुलींवर अत्याचार होईल त्यांचा जमाखर्च कोठे मांडायचा?

येथे एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. सुखाची कसोटी मानणाऱ्या आगरकरांनी स्वतःसाठी मिळकतीचा मार्ग नाकारला, एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे त्यांनी आपल्या आईला आधीच कळवले होते. मिलच्या मते इतरांचे सुख वाढवणारा त्यागच तेवढा स्तुत्य. आगरकरांचा त्याग या व्याख्येत बसतो. पण त्यांच्या समकालीनांना आणि नंतरच्या पिढ्यांना त्यांच्याविषयी जो आदर वाटला, तो त्या त्यागाने किती सुख निर्माण झाले याचा हिशेब करून वाटलेला नाही. कर्त्याची पारख निराळ्या रीतीने होते, हे मिलचे म्हणणे येथे त्याच्याच अनुयायाच्या उदाहरणाने सिद्ध होते.

५

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ १९१०–११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले. ते १९१५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाले. त्यातील चौथे प्रकरण ‘आधिभौतिक सुखवाद’ हे मराठीतील उपयुक्ततावादाचे आजही सर्वांत समर्थ परीक्षण होय. टिळक प्रतिपक्षाला सोपे करून घेत नाहीत. चार्वाकाचा उघड स्वार्थ, त्यानंतर हॉब्जचा दूरदृष्टीचा स्वार्थ, आणि त्यानंतर पुष्कळांचे पुष्कळ सुख, अशा पायऱ्या मांडून ते शेवटच्या पायरीची थोरवी मान्य करतात. सज्जन माणसे लोकहितासाठी झटतात, हे त्यांना मंजूर आहे. मात्र लोकहित हे सज्जनाच्या वर्तनाचे बाह्य लक्षण आहे, नीतीचे मूळ नव्हे, असा त्यांचा सिद्धांत आहे.

त्यासाठी त्यांनी दिलेले दृष्टांत तौलनिक अभ्यासकाने निरखून पाहण्यासारखे आहेत. कारण प्रत्येक दृष्टांत निराळ्या ठिकाणी लागू पडतो. पहिला आक्षेप संख्येचा. कौरवांचे सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचे सात. एवढ्यावरून पांडवांचा पक्ष अन्याय्य ठरेल काय? हा आक्षेप मिलपर्यंत पोचत नाही, कारण मिलच्या हिशेबात सैन्येच नव्हे, तर युद्धाच्या परिणामांची झळ लागणारे सर्वच येतात. बेंथॅमच्या सूत्राला मात्र तो लागतो. ‘अधिकांचे’ आणि ‘अधिक सुख’ ही दोन मापे परस्परांशी भांडू शकतात, हे स्वतः बेंथॅमच्या लक्षात आले होते आणि उत्तरायुष्यात त्याने सूत्रातील संख्येचा भाग गाळला.

दुसरा दृष्टांत पॉल केरसच्या पुस्तकातून घेतलेला. अमेरिकेतील एका मोठ्या शहरात ट्राम सुरू करायची होती. परवानगीला विलंब लागत होता. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळवली. शहराची मोठी सोय झाली. पुढे प्रकरण उघडकीस येऊन खटला झाला. पहिल्या ज्यूरीचे एकमत होईना, दुसऱ्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. लोकांचे सुख वाढूनही कृत्य निंद्य ठरले, एवढे टिळकांना दाखवायचे आहे. यावर मिलच्या पक्षाला उत्तर आहे: लाचेचा परिणाम ट्रामपुरता नसतो, कारभारावरील विश्वास ढळतो, आणि ते नुकसान खर्चाच्या बाजूला मांडले पाहिजे. पण या उत्तराने टिळकांची शंका पुरती फिटत नाही. समजा, लाच कधीच उघड झाली नसती, तर? विश्वास ढळलाच नसता, हिशेब फायद्याचा राहिला असता, आणि तरीही लाच ती लाचच. उपयुक्ततावाद्यांनी पुढे विसाव्या शतकात सुट्या कृत्यांऐवजी नियमांचे परिणाम मोजण्याचा जो पर्याय विकसित केला, तो अशाच अडचणीतून.

तिसरा दृष्टांत महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील. युधिष्ठिराच्या यज्ञात अर्धे अंग सोन्याचे असलेला मुंगूस येतो आणि कुरुक्षेत्रातील एका दरिद्री ब्राह्मणाच्या सातूच्या दानाची सर या यज्ञाला नाही, असे सांगतो. त्या कुटुंबातील चौघांनी उपाशी राहून आपापला वाटा एका अतिथीला दिलेला असतो. सुखाच्या बेरजेने पाहिले तर यज्ञात हजारो तृप्त झाले. तेथे एक तृप्त आणि चौघे उपाशी. तरीही मुंगसाचा निर्णय वाचकाला पटतो, आणि या पटण्यावरच टिळकांचा युक्तिवाद उभा आहे. बाह्य कर्म कनिष्ठ, ते करणाऱ्याची वासनात्मक बुद्धी श्रेष्ठ. ती शुद्ध आणि सम असेल तर तिच्यातून निघालेले कर्म योग्य. मिलने संकल्प आणि प्रेरणा यांत केलेला भेद म्हणूनच टिळकांना पटत नाही. बुद्धीचे तुकडे करून एक तुकडा हिशेबात घ्यायचा आणि दुसरा वगळायचा, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते.

तथापि मुंगसाची गोष्ट नेमके काय सिद्ध करते? युधिष्ठिराचा यज्ञ अयोग्य होता, असे मुंगूस म्हणत नाही. तो दोन दानांची योग्यायोग्यता तपासत नाही. दोन दात्यांची थोरवी तोलतो. मिलने जे दोन प्रश्न वेगळे केले, कृत्य योग्य काय आणि माणूस थोर कोण, त्यांपैकी दुसऱ्याचे उत्तर ही कथा देते, आणि टिळक ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचतात. त्यांच्या युक्तिवादातील हा कच्चा दुवा होय. पण दोष एकतर्फी नाही. मिलनेही जुलमी राजाच्या उदाहरणात मनातील एक भाग हिशेबात घेतल्यावर दुसरा का घ्यायचा नाही, हे पुरेसे सांगितलेले नाही. परिणामांच्या भाषेत मन जेथे संपते, तेथे कथेच्या भाषेत ते सुरू होते. टिळकांना महाभारताकडे वळावे लागले, ते केवळ परंपरेच्या अभिमानापोटी नव्हे.

६

बुद्धीच्या कसोटीला स्वतःची एक अडचण आहे: बुद्धी शुद्ध आहे हे ठरवायचे कोणी? स्थितप्रज्ञाचे वर्तन प्रमाण मानले, तर ज्याच्यावर ते वर्तन घडते त्याला विचारण्याची जागा राहत नाही. प्रिंगलच्या वहीत जशी शेतकऱ्याची सही नव्हती, तशी साम्यबुद्धीच्या निवाड्यात बालवधूची साक्ष नाही. दोन परस्परविरोधी कसोट्या येथे एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मरणोत्तर प्रकाशित झालेल्या ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ (१९८७) या प्रबंधाचे महत्त्व यासाठी आहे. धर्माची परीक्षा करताना त्यांनी उपयुक्तता ही कसोटी टाकून दिली नाही; पण तिच्या जोडीला न्यायाची कसोटी ठेवली. प्राचीन समाजाच्या नीतीचा मध्यबिंदू समाज होता, आधुनिक नीतीचा मध्यबिंदू व्यक्ती आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. समाजाचे कल्याण साधले, एवढ्याने बेरजेत बळी गेलेल्या माणसाला उत्तर मिळत नाही. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये उपयुक्ततावादावर घेतलेला आक्षेप, की तो व्यक्तींचे वेगळेपण गंभीरपणे घेत नाही, याच दिशेचा आहे.

परिणामविचार त्यामुळे निकालात निघतो असे मात्र नाही. अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९) मध्ये कृष्णार्जुनसंवादाकडे पुन्हा पाहताना अर्जुनाची बाजू उचलून धरली. आपल्या हातून कोण मरणार आहेत आणि त्यांच्याशी आपले नाते काय, हे अर्जुन विचारतो. तो परिणामच पाहतो आहे; पण त्याच्या परिणामांत सुखाच्या बेरजेबरोबर करणाऱ्याची जबाबदारीही येते. ज्या संवादातून टिळकांनी परिणामवादाचे खंडन काढले, त्याच संवादाच्या आरंभी परिणामांचा सर्वांत तीव्र विचार करणारा माणूस धनुष्य टाकून बसला आहे, ही गोष्ट मराठी चर्चेत पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. आगरकरांनी विधवेचे दुःख पुरावा म्हणून पुढे ठेवले तेव्हा ते मिलच्या जितके जवळ होते, तितकेच या अर्जुनाच्याही.